दिवाळीला पेरा, संक्रांतीला छाटा : मुंबईच्या गॅलरीतली वसंताची फुलं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या वहिनी आल्या आणि वाण घेता घेता गॅलरीत डोकावून थबकल्या. "अगं, मोगरा गेला की काय तुझा?" कुंडीत नुसत्या काड्या उभ्या होत्या. एक पान नव्हतं, कारण आदल्या दिवशी ती सगळी मीच काढली होती. त्यांना म्हटलं, वहिनी, होळीला या. होळीच्या संध्याकाळी त्याच काड्यांवरून चाळीसेक कळ्या खुडल्या आणि ओंजळभर त्यांच्या दारात नेऊन दिल्या.

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर माझी एक पूर्वेची गॅलरी आणि एक दक्षिणेची ग्रिलची खिडकी आहे. तेवढ्या जागेत इतकी वर्षं कुंड्या सांभाळून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. वसंतात फुलं हवी असतील तर काम वसंतात करून भागत नाही. अर्धं काम दिवाळीच्या आसपास होतं आणि उरलेलं संक्रांतीला. फेब्रुवारी सरताना विक्रोळी-घाटकोपरच्या हायवेवर गुलाबी टॅबेबुइयाची झाडं फुललेली दिसली की लोकांना बागेची आठवण होते, नर्सरीत गर्दी होते. तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुंबईत घरच्या बागेला वसंत दोनदा येतो. पहिला थंडीच्या हंगामी फुलांचा : पिटुनिया, झेंडू, डायांथस, साल्व्हिया. ही माघात भरात असतात आणि होळीपर्यंत टिकतात. दुसरा उन्हाच्या सोयऱ्यांचा : मोगरा, चाफा, बोगनवेल, झिनिया. यांना ऊन चढलं की जोर येतो आणि पाडवा ते चैत्रगौर या दिवसांत ती बहरतात. बियांच्या पाकिटावर छापलेले महिने बहुतेक वेळा दुसऱ्याच हवेचे असतात. ते बाजूला ठेवा आणि आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरनं चाला.

आधी ऊन मोजा

कुंडी घ्यायच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता गॅलरीत ऊन कुठे पडतं ते कागदावर लिहून काढा. समोर टॉवर उभा राहिला असेल तर हे दर वर्षी नव्यानं करावं लागतं. फुलझाडाला किमान चार तास थेट ऊन हवं, मोगरा आणि बोगनवेलीला सहा. त्याहून कमी असेल तर पानं सुरेख येतील, फुलं येणार नाहीत, आणि कुठलंही खत ती उणीव भरून काढणार नाही.

हे ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट घरात येतं. मग ते रोज थोडं थोडं मागे सरकतं. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ज्या दक्षिणेच्या गॅलरीत जानेवारीत पिटुनिया फुलून येतो, तिथेच एप्रिलअखेर वरच्या स्लॅबची सावली पडते. माझा मोगरा एका वर्षी ऐन एप्रिलात रुसला होता, त्याचं कारण हेच निघालं. आता मार्च लागला की त्याला पूर्वेकडे हलवते. दक्षिणेची खिडकी हीच एकमेव जागा असेल तर कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला सरकवा. वर पत्रा असला तरी त्या कडेला थोडं ऊन मिळतं.

पूर्वेची गॅलरी मिळाली तर नशीब समजा. पश्चिमेचं ऊन मार्चनंतर भाजून काढतं, शिवाय समुद्राकडून येणारा दुपारचा वारा माती सुकवतो. तिथे पिटुनियाच्या वाटेला जाऊ नका, बोगनवेल आणि सदाफुली लावा. समुद्राच्या अगदी काठावर राहत असाल तर पानांवर खारं बसतं. आठवड्यातून दोनदा सकाळी पानं साध्या पाण्यानं धुवा. मेट्रो किंवा पुनर्विकासाचं काम शेजारी चालू असेल तरीही हेच करा, धुळीनं माखलेल्या पानाला ऊन पोचत नाही.

कुंडी आणि माती

हंगामी फुलांना आठ इंची कुंडी पुरते, मोगऱ्याला बारा इंची, चाफ्याला सोळा ते अठरा. पाणी घातल्यावर बारा इंची मातीची कुंडी वीस किलोच्या घरात जाते, हे ग्रिलवर काही ठेवण्याआधी लक्षात घ्या. जड कुंड्या जमिनीवर भिंतीच्या कडेला ठेवाव्यात. ग्रिलवर फक्त हलक्या, त्याही तारेनं बांधून. खालून माणसं जातात.

नर्सरीतली लाल माती नुसती वापरली तर दोन महिन्यांत तिचा दगड होतो. मी तिला निम्म्याहून कमी ठेवते : चार भाग लाल माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, आणि बारा इंची कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवली की पाणी तपकिरी होतं आणि त्यात क्षार असतात. दोन-तीन वेळा भिजवून पिळून काढा, मगच मिसळा. हे न करता लावलेल्या कोवळ्या रोपांची पानं कडेनं करपतात आणि आपण उगाच उन्हाला दोष देतो.

शेणखत जुनं आहे का ते हातात घेऊन पाहा. काळं, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास असलेलं घ्यावं. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कुजतंय. ते मुळाशी गरम होतं आणि रोप जाळतं.

कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, तोही उपडा, म्हणजे पाणी वाहतं आणि माती अडते. वरून दोन बोटं जागा रिकामी सोडा. काठोकाठ माती भरली की पहिल्याच पाण्याला चिखल खालच्या मजल्यावर जातो आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो.

दिवाळीच्या सुमारास पेरणी

दसऱ्याला हात शिवशिवतात, पण मुंबईची ऑक्टोबरातली काहिली कोवळ्या रोपांना मारते. रात्री जरा गार वाटू लागल्या, पहाटे पंखा कमी करावासा वाटला, की पेरायची वेळ झाली. साधारण दिवाळीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत.

झेंडूसाठी मी बी विकत घेत नाही. दसऱ्याच्या तोरणातली चार मोठी फुलं कागदावर पसरून सुकवते. सुकलेलं फूल चुरगळलं की पाकळीच्या मुळाशी काळ्या, लांबट, काडीसारख्या बिया मिळतात. त्या ओल्या मातीवर पसरून अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरावी. बाजारातली फुलं बी पक्व होण्याआधी तोडलेली असतात, म्हणून सगळ्या रुजत नाहीत. पण पाच-सात दिवसांत जेवढ्या वर येतात तेवढ्या आठ-दहा कुंड्यांना पुरतात. बाजारचा झेंडू बहुधा संकरित असतो, त्यामुळे फूल आईसारखंच येईल असं नाही. मला त्यात गंमत वाटते.

पिटुनियाचं बी म्हणजे धूळ. ते चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या मिश्रणावर भुरभुरावं आणि वर काहीही टाकू नये, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. हॉटेलातून जेवण येतं तो पारदर्शक झाकणाचा प्लास्टिकचा डबा यासाठी उत्तम. तळाला भोकं पाडा आणि पाणी खालून द्या, डबा ताटलीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून. वरून झारीनं घातलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. आठ-दहा दिवसांत हिरवी टिंबं दिसू लागतात. तेव्हा झाकण उघडा, नाहीतर बुरशीनं एका रात्रीत रोपं आडवी होतात. बियातून निघालेल्या पहिल्या दोन पानांनंतर चार खरी पानं आली की एकेक वेगळं करा. पेरल्यापासून पहिल्या फुलापर्यंत अडीच ते तीन महिने जातात.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी पिटुनिया पेरू नका. डिसेंबरात नर्सरीतून लहान रोपं आणा, आणि झेंडू, झिनिया, कॉसमॉस मात्र घरी पेरा. रोप निवडताना फुललेलं घेऊ नका. बुटकं, फांद्या असलेलं आणि कळ्याही न आलेलं रोप घ्या. पिशवीतली माती चिकट लाल गोळा असेल तर तो तसाच कुंडीत ठेवू नका. बाहेरची माती पाणी पिते आणि आतला गोळा कोरडा राहतो, रोप पाण्यात असूनही तहानेनं मरतं. गोळा पाण्यात बुडवून बाहेरची माती बोटांनी अलगद सैल करा, मुळांना मोकळं होऊ द्या आणि मग लावा.

आता एक काम असं की ते करताना जीव कळवळतो आणि म्हणूनच बहुतेकांकडून राहून जातं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. नखानं, वरच्या दोन पानांच्या जोडीसकट. खुडलं की खालच्या पेऱ्यांतून दोन फांद्या फुटतात, पुढे त्यांचेही शेंडे खुडले की चार होतात. न खुडलेला झेंडू एका काठीवर एक फूल घेऊन उभा राहतो. फुलं सुरू झाल्यावर कोमेजलेलं प्रत्येक फूल देठासकट काढा, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि नवी कळी थांबते. रोज सकाळचा चहा होईपर्यंत हे काम होतं.

झिनिया आणि नारिंगी कॉसमॉस या दोघांना मी जास्त मान देते, कारण ही दोन्ही वसंतांना जोडतात. पिटुनिया मार्चच्या पहिल्या कडक उन्हात मान टाकतो. झिनिया तेव्हा रंगात येतो. जानेवारीच्या मध्यावर पेरलात तर मार्चमध्ये फुलं येतात. त्याला जागा बदललेली आवडत नाही, म्हणून एका कुंडीत तीन-चार बिया थेट पेराव्यात आणि जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीनं कापावीत. कॉसमॉसला खत देऊ नका. श्रीमंत मातीत तो छातीएवढा वाढतो आणि फुलायचं विसरतो.

संक्रांत : मोगऱ्याचं काम

मोगऱ्याची कळी जुन्या लाकडावर येत नाही, नव्या फुटीच्या टोकाला येते. बाकी सगळं यातून निघतं. जितक्या नव्या फांद्या, तितकी टोकं. तितक्या कळ्या. मोगरा न छाटता वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर तो लांब वेलासारख्या काड्या काढत राहतो आणि मोसमात पाच-दहा फुलं देतो.

डिसेंबरच्या अखेरीस पाणी कमी करत न्या. जानेवारी लागल्यावर आठ-दहा दिवस जवळजवळ बंदच. याला ताण देणं म्हणतात. पानं जरा पिवळट, मलूल होतात. घाबरू नका, पण काडी सुरकुतेपर्यंतही वाट पाहू नका. काडी नखानं खरवडून बघा, आत हिरवी असली पाहिजे.

मग संक्रांतीच्या दोन-चार दिवस अलीकडे-पलीकडे छाटणी. कात्री धारदार हवी, साधी घरातली चालणार नाही, तिनं काडी चिरडते. पहिल्यांदा सुकलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या काड्या मुळापासून काढा. उरलेल्या काड्या जमिनीपासून हात-सव्वा हात ठेवून वरचं सगळं कापा. काप डोळ्याच्या, म्हणजे पानाच्या बगलेतल्या फुगवट्याच्या, किंचित वर आणि तिरपा. डोळा कुंडीच्या बाहेरच्या बाजूला बघत असेल असा निवडा, म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि मधे ऊन उतरतं. त्यानंतर उरलेलं एक एक पान खाली ओढून काढायचं. हेच पाहून वहिनी दचकल्या होत्या.

त्याच दिवशी माती. खुरप्यानं कडेकडेची तीन बोटं खोल माती काढून टाका, तिच्याबरोबर पांढरी केसासारखी मुळं तुटतील, तुटू द्या. तीन वर्षं कुंडी बदलली नसेल तर गड्डा बाहेर काढून कडेची दोन बोटं मुळं चाकूनं कापा आणि नव्या मातीत बसवा. रिकाम्या जागी दोन ओंजळी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा. घरात तो चालत नसेल तर वगळा, शेणखत थोडं जास्त घाला. मग तळातून वाहेपर्यंत भरपूर पाणी, आणि कुंडी सगळ्यात जास्त ऊन असलेल्या जागी.

दहा-पंधरा दिवसांत डोळे फुगतात. पहिली फूट बघण्यासारखी असते, तांबूस झाक असलेली, तेलकट चमक असलेली दोन-दोन पानं समोरासमोर. या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा शेंगदाणा पेंडीचं पाणी द्या : १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, गाळून, दहापट पाण्यात मिसळून. वास उग्र येतो, म्हणून रात्री झाकून ठेवा आणि सकाळी लवकर घाला. टोकाला हिरव्या मोहरीएवढ्या कळ्यांचे तीन-तीनचे झुबके दिसले की पेंड थांबवा. आता नत्र मिळालं तर झाड पुन्हा पानांकडे वळतं.

छाटणीपासून पाच-सहा आठवड्यांनी कळ्या, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला पहिलं फूल. पहिला बहर संपला की प्रत्येक फुललेली फांदी दोन पेरी मागे कापायची आणि एक ओंजळ गांडूळखत घालायचं. चार-पाच आठवड्यांत दुसरा बहर येतो, आणि ऊन चांगलं असेल तर पावसाआधी तिसराही. हे मागे कापणं सोडू नका. मे महिन्यातला मोगरा त्यावरच अवलंबून असतो.

जात कुठली? कुंडीसाठी मला साधा, पाच-सात पाकळ्यांचा मोगराच आवडतो, भरपूर येतो आणि गजऱ्याला सोपा जातो. बटमोगरा गोल, घट्ट, वासाला अप्रतिम, पण फुलं कमी. मदनबाणाची कळी लांब, टोकदार. माझ्या आईनं गिरगावच्या चाळीत डालड्याच्या डब्यात साधाच मोगरा लावला होता आणि पूर्ण मजल्यावरच्या बायकांना चैत्रात एकेक गजरा मिळत असे. जाई-जुईची हौस असेल तर त्याही लावा, फक्त त्यांचा खरा बहर पावसाळ्यातला, वसंतात त्यांची वाट बघू नका.

चाफा, बोगनवेल

यांना काम कमी आणि संयम जास्त लागतो. पांढरा किंवा लाल चाफा थंडीत पानं टाकतो. तेव्हा त्याला आठवड्यातून एकदा घोटभर पाणी, नाहीतर खोड मऊ पडून सडतं. मार्चमध्ये फांदीच्या टोकाला पोपटी कोंब आला की पाणी वाढवा. नवं झाड करायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हातभर फांदी कापा, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा, मग वाळू मिसळलेल्या मातीत रोवा.

बोगनवेल लाडानं बिघडते. मोठी कुंडी, रोज पाणी, भरपूर खत, असं केलं की ती हिरवीगार राहते. तिला दहा-बारा इंची कुंडीत कोंडा, कोवळे शेंडे जरा लवू लागले की मगच पाणी द्या आणि ऊन सहा तासांचं ठेवा. आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरं फूल मधलं इवलंसं पांढरं. कुंडी बदलताना मुळांचा गड्डा फोडू नका, तिची मुळं नाजूक असतात. सोनचाफा कुंडीत येतो, पण कलमी रोप घ्या आणि पाणी साचू देऊ नका. बियांचं झाड फुलायला वर्षानुवर्षं लावतं.

कंदांबद्दल थोडं परखड

ट्युलिपचे कंद ऑनलाइन सर्रास मिळतात, फोटोही मोहक असतात. मीही एकदा सहा मागवले. पानं आली, दोन बोटं उंचीचा दांडा आला, आणि फेब्रुवारीच्या एका आठवड्यात कळ्या तपकिरी होऊन गळल्या. ट्युलिपला बारा-चौदा आठवडे साधारण ९ अंशांच्या खालची थंडी लागते, तीही मुळाशी. आपल्याकडे ती नाही. फ्रीजमध्ये कंद ठेवून एखादं फूल मिळवता येतं, पण लावायची वेळ येते तेव्हा बाहेर ३० अंश झालेले असतात. त्या पैशांत एमरिलिस लिलीचे कंद घ्या, ते पुढची कित्येक वर्षं फुलतील.

एमरिलिसचा कंद कांद्यासारखा. त्याचा वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर राहू द्यायचा. ऑक्टोबरअखेर पाणी थांबवा, पानं पिवळी पडली की काढा आणि कुंडी कोरड्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवून द्या. फेब्रुवारीत उजेडात आणून एकदा चांगलं पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत हात आखडता ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये पोकळ जाड दांडा वर येतो आणि त्यावर तीन-चार कर्ण्यासारखी फुलं लागतात. फूल गेल्यावर दांडा कापा, पानं मात्र ऑक्टोबरपर्यंत जपा. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांतूनच कंदात साठतं.

याहून सोपी फुटबॉल लिली, जिला बरेच जण मे फ्लॉवर म्हणतात. थंडीत कुंडी रिकामी दिसते, म्हणून पुष्कळांनी ती चुकून ओतून टाकलेली आहे. कुंडीवर चिठ्ठी चिकटवा. एप्रिलअखेर किंवा मेमध्ये जमिनीतून थेट लाल तुऱ्यांचा चेंडू वर येतो. निशिगंधाचे कंद मात्र होळीच्या सुमारास लावावेत, त्याची फुलं पावसाळ्यात येतात.

पाणी

पाणी सकाळी आठच्या आत. थंडीत बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. मार्चपासून रोज, आणि लहान कुंड्यांना संध्याकाळी पुन्हा. मार्चमध्ये काही दिवस समुद्राकडचा वारा दुपारी उशिरा वळतो आणि पारा ३८-३९ च्या वर जातो. अशा दिवशी हंगामी फुलझाडं दुपारी बाराच्या आत सावलीत ओढा. मातीवर दोन बोटं नारळाच्या शेंड्या किंवा सुका पाला पसरला की पाणी जवळजवळ निम्मंच लागतं.

एसीचं ठिबकणारं पाणी खुशाल वापरा, त्यात क्षार नसतात. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्याच दिवशी घाला. दूध-साखरेच्या चहाचा चोथा नको, मुंग्या होतात आणि मुंग्यांच्या मागे पिठ्या ढेकूण ही कीड येते. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल आणि मोगऱ्याची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. कुंडीत महिन्यातून एकदा साधं पाणी तळातून धो धो वाहू द्या आणि चिलेटेड लोह पाकिटावरच्या मात्रेनं फवारा. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पालथ्या घालून कोरड्या करा. डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुष्कळ होतं.

मे महिन्यात गावाला जाताना सगळ्या कुंड्या गॅलरीच्या सावलीच्या कोपऱ्यात जमिनीवर चिकटून ठेवा. मधे उंचावर पाण्याची बादली ठेवा आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांचं एक टोक बादलीत बुडवून दुसरं मातीत खोल खुपसा. चार-पाच दिवस निभावतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांना किल्ली द्या.

कीड आणि पाखरं

मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात मोगऱ्याची पानं मागच्या बाजूनं करडी, वर पिवळे ठिपके आणि बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानं मागून पाण्याच्या फवाऱ्यानं तीन-चार दिवस सलग धुवा, बहुतेक वेळा एवढंच पुरतं. कळ्या जांभळट होऊन गळत असतील आणि त्यांना भोक असेल तर आत अळी आहे. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका, कुंडीत पडू देऊ नका. जास्वंदीवरचा पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढावा. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निमतेल आणि दोन मिली भांड्यांचा लिक्विड साबण मिसळून दर सहा-सात दिवसांनी संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

कबुतरं मुंबईच्या बागेची सगळ्यात मोठी डोकेदुखी. कोवळी रोपं उपटतात, कुंडीत अंडी घालतात. जाळी बसवता येत नसेल तर खराट्याचे हीर मातीत तीन-तीन बोटांवर उभे रोवा, बसायला जागाच राहत नाही. एप्रिलमध्ये कावळे घरट्यासाठी टांगत्या कुंड्यांचा काथ्या ओढून नेतात, त्या दिवसांत आतून जाळीची पिशवी लावा.

शिंजीर ही इवली पाखरं मात्र येऊ द्या. गेल्या वर्षी एका मादीनं मधुमालतीच्या लोंबत्या काडीला कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली, लांबट, एका बाजूला दार असलेली पिशवी टांगली. महिनाभर ती काडी छाटली नाही आणि तिथे फवारणीही केली नाही.

होळीनंतर

पिटुनियाला फुलं येणं थांबलं, देठ चिकट आणि पिवळे झाले की मोह आवरा आणि उपटा. ती कुंडी रिकामी ठेवू नका. माती उकरून दोन दिवस उन्हात तापवा, एक ओंजळ खत घाला आणि झिनिया पेरा किंवा ऑफिस टाइमच्या (पोर्टुलाकाच्या) बोटभर काड्या रोवा. ऑफिस टाइमला ऊन जितकं कडक तितकं बरं, तीन-चार आठवड्यांत त्या कुंडीचा काठ दिसेनासा होतो.

मोगऱ्याची कळी खुडायची वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा. पांढरी, फुगलेली, पण टोक अजून मिटलेलं अशी कळी घ्या. हिरवट कळी घरात उमलत नाही. खुडलेल्या कळ्या ओल्या मलमलच्या फडक्यात सैल गुंडाळून पितळी वाटीत ठेवल्या की रात्री नऊच्या सुमारास उमलू लागतात आणि घरभर वास पसरतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, कैरीची डाळ आणि पन्ह्याबरोबर द्यायला अशी वाटी तयार ठेवावी.

मेच्या शेवटच्या आठवड्यात झिनियाची दोन-चार चांगली फुलं झाडावरच सुकू द्या. पहिल्या सरीच्या आत काढा, सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात भरा. वर रंग आणि महिना लिहा. पाकिटं झाकणाच्या डब्यात, सोबत तांदळाच्या दाण्यांची छोटी पुरचुंडी टाकून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडं ठेवलेलं बी दिवाळीपर्यंत टिकत नाही.